स्वतंत्र चित्रपट आणि सरकारी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पटकथा घेऊन निर्माता शोधणारी मुलं, पहिला चित्रपट पूर्ण करून थिएटरच्या दारात अडकलेले दिग्दर्शक आणि फिल्म सोसायटीत चित्रपट पाहून कुतूहल जागं झालेले प्रेक्षक यांच्याकडून आम्हाला जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. योजनांच्या रकमा आणि अटी शासन निर्णयागणिक बदलतात. म्हणून अर्ज भरण्याआधी ताजा जीआर स्वतः वाचा.

१. सरकार चित्रपटांना पैसे कधीपासून देऊ लागलं? आणि का?

केंद्र सरकारने १९४९ मध्ये चित्रपट व्यवसायाची पाहणी करण्यासाठी मुंबईचे नेते स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५१ मध्ये आला. युद्धकाळात काळा पैसा या धंद्यात शिरला होता, जुने स्टुडिओ मोडत चालले होते आणि निर्माते सावकारी व्याजात बुडत होते. वाजवी दराने कर्ज देणारं महामंडळ आणि शिक्षण देणारी संस्था सरकारने काढावी, असं समितीने सुचवलं. दोन्ही गोष्टींना १९६० उजाडलं. त्या वर्षी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन म्हणजे एफएफसी स्थापन झालं आणि पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच आलं.

त्याआधीचं एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) पैशाअभावी रखडला होता. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने पश्चिम बंगाल सरकारने तो पुरा करायला पैसे दिले. चित्रपटासाठी सरकारी खर्चाचं वेगळं खातंच नसल्यामुळे हा खर्च रस्ते सुधारणेच्या खात्यावर टाकला गेला. योजना नव्हती, समिती नव्हती, तरी चित्रपट झाला. इच्छा असली की वाट निघते, हे या क्षेत्रात पहिल्यांदा दिसलं ते तिथे.

२. एफएफसी आणि एनएफडीसी एकच का?

एकाच घराण्यातल्या या दोन पिढ्या. एफएफसी सुरुवातीला अर्थ मंत्रालयाखाली होतं, १९६४ मध्ये ते माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे गेलं. पहिल्या काही वर्षांत कर्ज बहुतेक नावाजलेल्या लोकांना मिळायचं. बी. के. करंजिया अध्यक्ष झाले त्या सुमारास धोरण बदललं आणि कमी खर्चात, नव्या दिग्दर्शकांचे चित्रपट करायचं ठरलं. मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हे एकाच लाटेत आले. केरळात अदूर गोपालकृष्णन यांचा ‘स्वयंवरम्’ (१९७२) एफएफसीच्याच कर्जावर उभा राहिला.

मग १९७६ मध्ये संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने या धोरणावर बोट ठेवलं. कर्ज वसूल होत नाही आणि चित्रपट लोकांपर्यंत पोहोचत नाहीत, असा तिचा आक्षेप होता. पोहोचत नव्हते हे खरंच. पण पोहोचवण्यासाठी महामंडळाकडे स्वतःची थिएटरं होती कुठे? वितरणाची सोय न करता वसुलीचा हिशेब मागितला गेला, आणि ही चूक पुढे अनेकदा झाली (प्रश्न १२ पाहा).

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजेच एनएफडीसी, १९७५ मध्ये स्थापन झालं. १९८० मध्ये एफएफसी आणि चित्रपट निर्यात महामंडळ त्यात विलीन झाले. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट महोत्सव संचालनालय, बालचित्र समिती आणि पुण्याचं संग्रहालय यांचंही काम एनएफडीसीकडे आलं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय, त्यात नाही.

३. समांतर सिनेमा, म्हणजे धंदेवाईक चौकटीबाहेरचा सिनेमा, सगळा सरकारच्या पैशावर झाला, हे खरं आहे का?

नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मागे (१९७४) ब्लेझ ही जाहिरातपटांचं वितरण करणारी खासगी कंपनी होती. ‘मंथन’ (१९७६) तर अनेकांना सरकारी प्रचारपट वाटतो, पण त्याचा खर्च गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उचलला. आपल्याकडे चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मागे (२०१४) निर्माते विवेक गोंबर यांचा स्वतःचा पैसा होता.

तरीही सरकारी पैशाची किंमत कमी होत नाही. ‘उसकी रोटी’सारखा चित्रपट त्या काळात कुठल्याही खासगी निर्मात्याने काढला नसता.

४. माझ्याकडे फक्त पटकथा आहे. एनएफडीसी पैसे देईल का?

देऊ शकते, पण थेट पैशाआधी तिच्या प्रशिक्षण आणि बाजाराच्या योजनांकडे बघा. तिची पटकथा लेखन कार्यशाळा २००७ पासून चालते. निवडलेल्या पटकथांवर अनुभवी मार्गदर्शकांसोबत अनेक खर्डे होतात. त्याच वर्षी गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासोबत फिल्म बाजार सुरू झाला. आता त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात. तिथे सहनिर्मितीसाठी प्रकल्प मांडता येतात, अपुऱ्या चित्रपटांच्या रफ कटवर, म्हणजे कच्च्या संकलनावर, देशोदेशीचे संपादक आणि महोत्सवांचे निवडकर्ते सल्ला देतात, आणि पूर्ण चित्रपट व्ह्यूइंग रूममध्ये ठेवता येतो.

निर्मितीसाठी एनएफडीसी वेळोवेळी प्रकल्प मागवते. तिची जुनी रीत अशी की पहिला चित्रपट करणाऱ्यासाठी ती स्वतः निर्माती होते आणि बाकीच्यांसोबत सहनिर्मिती करते. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) ही तशी सहनिर्मिती होती. गोष्ट मुंबईच्या डबेवाल्यांची, निर्माते फ्रान्स आणि जर्मनीतले, आणि भारतीय निर्मात्यांच्या जोडीला एनएफडीसी. निवड मात्र मोजक्याच प्रकल्पांची होते. आमचा सल्ला असा की कार्यशाळेला अर्ज केल्याशिवाय निर्मितीचा अर्ज करू नका, कारण कार्यशाळेत पटकथेची खरी परीक्षा होते आणि माणसंही भेटतात.

५. मराठी चित्रपटाला महाराष्ट्र शासनाचं अनुदान कसं मिळतं? शूटिंगच्या आधी की नंतर?

नंतर. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सत्तरच्या दशकात राज्याने करपरतावा योजना आणली. एका मराठी चित्रपटावर भरलेला करमणूक कर निर्मात्याला परत मिळायचा, पण त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला तर. ही योजना मराठी चित्रपटसृष्टी जगवायला उपयोगी पडली यात शंका नाही. पण कर तिकीटविक्रीवर असायचा, त्यामुळे ज्याचा चित्रपट चालला त्याला जास्त परतावा आणि ज्याचा पडला त्याला जवळपास काहीच नाही. वेगळं काही करू पाहणाऱ्याच्या हाती त्यातून फार लागत नव्हतं.

पुढे दर्जावर आधारित अनुदान आलं. चित्रपट पूर्ण करायचा, सेन्सॉर प्रमाणपत्र घ्यायचं, मग अर्ज करायचा. परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते आणि त्यानुसार ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरतो. अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये हे आकडे चालत आले. गुण कमी पडले तर काहीच मिळत नाही. योजना सांस्कृतिक कार्य विभागाची आहे आणि काम पाहतं गोरेगावच्या चित्रनगरीतलं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ.

दर्जा पाहून पैसे देणं हे तिकीट पाहून देण्यापेक्षा नक्कीच बरं. पण पैसा उशिरा येतो, आणि तोवर टिकून राहायची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच त्याचा फायदा होतो. गावाकडून आलेल्या, घर गहाण टाकून चित्रपट करणाऱ्या मुलाला पैसा हवा असतो तो शूटिंगच्या पहिल्या दिवशी. निवडक पटकथांना थोडी तरी रक्कम आधी द्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

करारपत्रं, बिलं आणि बँकेचे व्यवहार पहिल्या दिवसापासून नीट लावून ठेवा. रोखीने केलेला खर्च नंतर दाखवता येत नाही.

६. मी गोव्यात राहतो. मराठी चित्रपट काढला तर मला गोव्याचं अनुदान मिळेल?

गोव्याची स्वतःची अर्थसहाय्य योजना आहे आणि ती कोकणीबरोबर मराठी चित्रपटांनाही लागू आहे. ती एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवामार्फत राबवली जाते. निर्माता आणि कलाकार गोव्याचे असण्याबाबतच्या अटी काळजीपूर्वक वाचा. निम्मं शूटिंग सिंधुदुर्गात आणि निम्मं पेडण्यात असेल तर कुठल्या राज्याकडे जायचं हे चित्रीकरणाआधी ठरवा, नंतर कागद जुळवत बसू नका.

७. माहितीपट आणि लघुपटांसाठी काही आहे का?

१९४८ पासून हे काम फिल्म्स डिव्हिजनचं होतं, आता ते एनएफडीसीकडे आहे. मुंबईचा मिफ्फ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो. २०२४ मध्ये त्याच्यासोबत डॉक फिल्म बाजारही भरला. मराठी लघुपट करणाऱ्यांनी प्रश्न ५ मधल्या अनुदानाची आशा धरू नये, ती योजना पूर्ण लांबीच्या चित्रपटांची आहे.

८. परदेशी निर्मात्यासोबत चित्रपट केला तर काय मिळतं?

फ्रान्स, इटली, जर्मनी, ब्रिटन, कॅनडा, ब्राझील अशा अनेक देशांशी भारताचे सहनिर्मितीचे करार आहेत. करारानुसार मंजुरी मिळाली की चित्रपट दोन्ही देशांचा मानला जातो आणि दोन्हीकडच्या योजनांना पात्र ठरू शकतो. २०२२ मध्ये कान महोत्सवात केंद्राने अशा सहनिर्मितीतल्या पात्र खर्चाचा काही भाग परत देण्याची योजना जाहीर केली.

ताजं उदाहरण पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चं. एफटीआयआयच्या या माजी विद्यार्थिनीच्या चित्रपटाला २०२४ मध्ये कानचं ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. तो भारत-फ्रान्स करारानुसार झाला, चित्रीकरण मुंबई आणि रत्नागिरीत झालं, आणि पात्र खर्चाच्या ३० टक्के परताव्याला केंद्राने अंतरिम मंजुरी दिली होती. इथेही पैसा परतावा म्हणून येतो. प्रश्न ५ मधली अडचण इथेही तशीच उभी राहते.

९. चित्रपट ‘टॅक्स फ्री’ झाला म्हणजे नक्की काय होतं?

पूर्वी करमणूक कर राज्याचा होता, तो माफ झाला की तिकीट खरोखर स्वस्त व्हायचं. १ जुलै २०१७ पासून तो कर जीएसटीत गेला. आता राज्य सरकार फक्त आपला, म्हणजे निम्मा वाटा सोडू शकतं किंवा परत देऊ शकतं. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यातले ९ टक्के राज्याचे. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तालुक्याच्या थिएटरांना याचा उपयोग होईल. मल्टिप्लेक्सच्या तिकिटाला मात्र नाही.

१०. सरकारने पैसे दिलेल्या चित्रपटाला सेन्सॉर सोपं जातं का?

नाही. एनएफडीसीचा चित्रपटही सेन्सॉर बोर्डाकडे रांगेतच उभा राहतो. बोर्डाचा निर्णय मान्य नसेल तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. वकिलाची फी परवडणाऱ्या मोठ्या निर्मात्याला त्याने फारसा फरक पडला नाही. छोट्या निर्मात्याची कमी खर्चात दाद मागायची जागा गेली, आणि ती परत मिळायला हवी.

महोत्सवात किंवा फिल्म सोसायटीच्या सभासदांना चित्रपट दाखवण्यासाठी प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते, मात्र ती आयोजकांनी आधी घ्यायची असते. तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल तर ही सूट चालत नाही.

११. सरकारवर टीका करणाऱ्या चित्रपटाला सरकार पैसे देईल का?

दिलेले आहेत. बिल्डर आणि महापालिकेच्या भ्रष्टाचाराची साल काढणारा कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) एनएफडीसीनेच काढला. केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ (१९८७) हाही एनएफडीसीचा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१७ मध्ये इफ्फीच्या परीक्षकांनी इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागासाठी निवडलेले ‘एस दुर्गा’ हा मल्याळम आणि रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट मंत्रालयाने यादीतून वगळले. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. ‘एस दुर्गा’च्या बाजूने केरळ उच्च न्यायालयाने आदेश दिला, तरी तो महोत्सवात दाखवला गेला नाही. आनंद पटवर्धन यांना तर राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले माहितीपट दूरदर्शनवर दाखवण्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ते जिंकले.

तज्ज्ञ समितीने निवडलेल्या गोष्टीत मंत्रालयाने हात घालायचा नाही, ही साधी रीत पाळली गेली तरच सरकारी मदतीवर कलाकारांचा विश्वास बसेल.

१२. चित्रपट तयार आहे, सेन्सॉर झाला आहे, पण थिएटर मिळत नाही. सरकार काही करतं का?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात, आणि उत्तर देताना आम्हालाही त्रास होतो. सरकारने साठ वर्षांत चित्रपट बनवायला पैसे दिले. दाखवायची व्यवस्था मात्र अर्धीमुर्धीच केली.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन होतं. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट लागायचे आणि एखादा आसामी किंवा कन्नड चित्रपट सोलापुरातल्या घरात पोहोचायचा. आजची चाळिशी-पन्नाशीतली कित्येक माणसं चांगला सिनेमा पाहायला शिकली ती त्या दुपारींमुळे. खासगी वाहिन्या आल्या आणि ती खिडकी बंद झाली.

महाराष्ट्रात थिएटरच्या परवान्यात मराठी चित्रपटांच्या ठरावीक खेळांची अट आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं. वाद झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी रुंद झाली. पण ही अट ‘मराठी’साठी आहे, छोट्या चित्रपटासाठी नाही. एखादा मोठ्या बॅनरचा मराठी चित्रपट लावला की ती पूर्ण होते. मग तुमच्या चित्रपटाला सकाळी साडेनऊचा शो मिळतो, तोही एक आठवडा. वर व्हीपीएफ (डिजिटल प्रक्षेपणासाठी आकारलं जाणारं शुल्क), पोस्टर आणि प्रसिद्धीचा खर्च निर्मात्याच्याच माथी.

आत्ता करता येण्यासारख्या गोष्टी सांगतो. सगळ्या शहरांत एकदम प्रदर्शित करू नका. पुणे, कोल्हापूर, नाशिक अशी दोन-तीन शहरं धरा आणि संध्याकाळचा एकच शो मागा. प्रदर्शनाआधी फिल्म सोसायट्यांशी बोला. मुंबईची प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करते आहे, इतर शहरांतही अशी मंडळं आहेत. महाविद्यालयं आणि नगरपालिकेची नाट्यगृहं विसरू नका. प्रसार भारतीचा ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच २०२४ मध्ये सुरू झाला आहे, तिथेही चौकशी करा. राज्य सरकारने काय करावं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१३. दुसरं कुठलं राज्य हे चांगलं करतं?

केरळ. तिथलं राज्य चित्रपट विकास महामंडळ १९७५ चं. त्याची स्वतःची थिएटरं आहेत. तिरुवनंतपुरमची कैरळी, श्री आणि निळा ही त्यातली ठळक. महिला दिग्दर्शकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांना हे महामंडळ दीड कोटी रुपयांपर्यंत निर्मितीखर्च देतं, तोही आधी. मार्च २०२४ मध्ये त्यांनी ‘सीस्पेस’ हा सरकारी ओटीटी मंच काढला. तिथे ७५ रुपये भरून चित्रपट पाहता येतो आणि त्यातले निम्मे निर्मात्याला जातात.

महाराष्ट्राकडे गोरेगावची चित्रनगरी आहे, पुण्यात एफटीआयआय आहे, संग्रहालय आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नाट्यगृहं आहेत. त्यातल्या काहींत प्रोजेक्टर बसवून आठवड्याचे दोन दिवस स्वतंत्र मराठी चित्रपटांना द्यायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायला हवी.

१४. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर किती पैसे मिळतात?

२०२४ मधल्या बदलांनंतर सुवर्णकमळासोबत ३ लाख आणि रजतकमळासोबत २ लाख रुपये मिळतात. पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शकासाठी वेगळा पुरस्कार आहे. प्रवेशासाठी त्या वर्षीचं सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे डिसेंबरअखेर प्रमाणपत्राची तारीख चुकवू नका.

पहिला सर्वोच्च पुरस्कार आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये मिळाला. पुढचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीत यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षं लागली.

१५. ऑस्करसाठी भारताचा चित्रपट सरकार निवडतं ना?

नाही. ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया ही चित्रपट व्यवसायाची संघटना करते. मराठीतून ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ असे गेले. अमेरिकेतल्या प्रसिद्धीचा खर्च मोठा असतो. ‘श्वास’च्या वेळी शाळकरी मुलांपासून अनेकांनी वर्गणी दिली होती. आता अशा चित्रपटांना केंद्राकडून प्रसिद्धीसाठी साहाय्य मागता येतं.

१६. अनुदान मिळेल असं धरून कर्ज काढू का?

काढू नका. दर्जा मिळेल याची हमी नसते, मिळाला तरी पैसे कधी येतील हे तुमच्या हातात नसतं, आणि व्याज रोज चढत असतं. अंदाजपत्रक मांडताना अनुदानाचा रकाना शून्य धरा. त्यातही चित्रपट पुरा होत नसेल तर पात्रं कमी करा, चित्रीकरणाच्या जागा कमी करा किंवा सहनिर्माता शोधा. कर्ज घेणं टळतच नसेल तर शूटिंगसाठी नको, शेवटच्या टप्प्यासाठी घ्या, म्हणजे ध्वनी आणि कलर करेक्शनसाठी. तोवर रफ कट हातात असतो, तो फिल्म बाजारात दाखवता येतो (प्रश्न ४), आणि पैसे देणाऱ्यालाही आपण कशावर पैसे लावतो आहोत हे डोळ्यांनी दिसतं. घरच्यांच्या नावावरची जमीन किंवा आईचे दागिने यात अजिबात आणू नका.